चिडक्या माणसाचं पोट सुटतं का? स्वभाव, सवयी आणि चरबीची जागा

योगवर्ग_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या आमच्या सकाळच्या योगवर्गासाठी पोटावरच्या चरबीबद्दल दोन पानी माहितीपत्रक करायचं आहे. वर्गात तीसेक जण, वय 28 ते 65, निम्म्याहून जास्त बायका. काहीजण शिरोली आणि कागलच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे.

नेहमीच्या "काय खाऊ नको"ला उत्तर देता येतं. अडचण दुसऱ्या प्रश्नांची आहे. "चिडका आणि काळजीखोर माणूस असेल तर पोट सुटतं, निवांत माणूस सगळीकडून सारखा गोल होतो", असं लोक ठामपणे म्हणतात. यात तथ्य किती? एकाच घरात, एकाच ताटातलं खाऊन एकाचं पोट सुटतं आणि दुसरीच्या मांड्या भरतात, ते का? हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, अशा माणसाला वजन कमी कर म्हणायचं की नाही? घरी कंबर मोजायची बिनचूक रीत कोणती? आणि पाळीवाल्यांना वेगळं काही सांगायचं का?

ऐकीव नको, नीट माहिती हवी आहे.

आतली_चरबी

तुमच्या पहिल्या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. चरबी किती साठते, कुठे साठते, आणि पोटावरची असेल तर ती कातडीखाली आहे की आत आतड्यांभोवती. "किती"मध्ये स्वभावाचा हात स्पष्ट दिसतो. "कुठे"मध्ये तो बहुतेक वेळा सवयींच्या मार्फतच पोचतो.

कुठे हे ठरवणारे मोठे घटक तीन: लिंग, आनुवंशिकता, वय. मार्सेच्या जाँ व्हाग या डॉक्टरांनी 1947 साली पुरुषी आणि बायकी अशा दोन ठेवणी मांडल्या, एकीत चरबी वरच्या अंगाला, दुसरीत नितंब-मांड्यांना. 1956 च्या लेखात त्यांनी वरच्या ठेवणीचा मधुमेह आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराशी संबंध जोडला. 1984 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधून 1913 साली जन्मलेल्या पुरुषांची आकडेवारी आली. हृदयविकार आणि पक्षाघाताचा अंदाज नुसत्या वजनापेक्षा कंबर-नितंब गुणोत्तरावरून चांगला बांधता आला होता. 2015 च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात या गुणोत्तराशी निगडित 49 जागा जनुकसंचात सापडल्या. त्यातल्या 20 जागांचा परिणाम स्त्री-पुरुषांत वेगळा होता, आणि त्यात 19 बायकांत जास्त ठळक. एकाच ताटातलं खाऊन दोन वेगळे आकार होतात त्याचं उत्तर इथे आहे.

बाईच्या मांडीवरची चरबी हट्टी असते, लवकर सुटत नाही. पण ती निरुपद्रवी असते, किंबहुना थोडी राखणच करते, कारण जास्तीचे स्निग्धांश ती धरून ठेवते. पोटाच्या आतली चरबी उलट चंचल. तिथून सुटलेली स्निग्धाम्लं आतड्याकडच्या शिरेतून थेट यकृतात जातात. यकृतात चरबी साचते, ते इन्शुलिनला दाद देईनासं होतं, ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतं. म्हणून चिमटीत येणाऱ्या वळीपेक्षा चिमटीत न येणारं, घट्ट, पुढे आलेलं पोट जास्त काळजीचं. पाळी कायमची गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकी संप्रेरक उतरलं की बायकांची चरबीही पोटाकडे सरकते. पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायका "खाणं तेच आहे, पोट मात्र वाढलं" म्हणतात ते खरं असतं, त्यांना खोटं पाडू नका.

आता स्वभाव. बाल्टिमोरमध्ये सुमारे 2000 लोकांवर पन्नासेक वर्षं चाललेल्या पाहणीचे निष्कर्ष 2011 मध्ये छापून आले. उतावीळपणात सर्वांत वरचे दहा टक्के लोक सर्वांत खालच्या दहा टक्क्यांपेक्षा सरासरी 11 किलो जड होते. शिस्तशीर स्वभावाची माणसं सडसडीत राहण्याकडे झुकणारी. हे सगळं वजनाबद्दल झालं. जागेबद्दल थेट बोलणारा पुरावा खिन्नतेचा आहे. सत्तरीतल्या दोन हजारांवर अमेरिकन लोकांना पाच वर्षं पाहिलं. ज्यांच्यात नैराश्याची लक्षणं होती त्यांच्या पोटाच्या आतली चरबी वाढली, एकूण चरबी मात्र त्या मानाने वाढलेली नव्हती.

रागाचं म्हणाल, तर मधला दुवा कॉर्टिसोल, म्हणजे ताणात स्रवणारं संप्रेरक, समजला जातो. 2000 सालच्या एका प्रयोगात बायकांना तीन दिवस तेच ते ताणाचं काम दिलं. कमरेला भरलेल्या बायकांत कॉर्टिसोल जास्त स्रवलं. त्यातल्या ज्या सडपातळ होत्या, त्यांचं शरीर तिसऱ्या दिवशीही त्या कामाला सरावलं नव्हतं. ताण आल्याने पोट सुटतं असं यातून सिद्ध होत नाही. आधी पोट की आधी ताणाचा स्वभाव, हे एका वेळच्या मोजणीतून कळणार कसं? आणि आतली चरबी स्वतःही दाह वाढवणारी द्रव्यं सोडते, म्हणजे गाडी उलट्या दिशेनेही चालू शकते.

तुमच्या पत्रकासाठी एक वाक्य: चिडकेपणा पोटावर जाऊन बसत नाही, चिडून झाल्यावर जे खाल्लं, जी झोप गेली आणि जी सिगारेट ओढली, ती बसते. सिगारेटचं मुद्दाम लिहा. ओढणाऱ्याचं वजन कमी असतं, पण त्याच वजनाच्या न ओढणाऱ्याशी तुलना केली तर चरबी कमरेकडे जास्त झुकलेली असते. "सोडली की वजन वाढतं" म्हणून ओढत राहणाऱ्यांना हे सहसा कुणी सांगत नाही.

टेप_आणि_पेन्सिल

मोजमापाचं मी लिहिते, कारण वर्गात घोळ इथेच होतो.

शिंप्याकडची न ताणणारी टेप घ्या. खूप वापरलेली कापडी टेप सैलावते, त्यामुळे ती पोलादी पट्टीवर 30 सेंमीला एकदा जुळवून बघा. वेळ सकाळची, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्याही आधी. कपडा वर करून उघड्या अंगावर मोजायचं. पाय जवळ, वजन दोन्ही पायांवर, हात बाजूला सैल.

जागा अशी शोधा. शेवटची बरगडी बाजूला बोटांनी चाचपा, तिच्या खालच्या कडेला पेन्सिलीची खूण. मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा, तिथे दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये तिसरी. टेप या तिसऱ्या खुणेवरून फिरवायची, जमिनीला समांतर. मागे ती खाली घसरते, म्हणून आरसा किंवा दुसरा माणूस हवा. अंगाला टेकेल इतपतच, मांसात रुतली तर जास्त ओढली. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की त्या क्षणी आकडा वाचा. दोनदा मोजा, एक सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा दोनदा, आणि सरासरी लिहा.

चुका कुठे होतात? पँटचा नंबर हीच कंबर समजणं ही सगळ्यात मोठी. "मला अजून 34चीच पँट येते" म्हणणाऱ्याचा पट्टा पोटाच्या खाली गेलेला असतो, पोट पट्ट्यावरून बाहेर. त्याची खरी कंबर 40 इंच भरू शकते. दुसरी चूक बेंबीवर मोजण्याची. सैल पोटात बेंबी खाली उतरते, वजन कमी झालं की वर येते, मग दोन महिन्यांचे आकडे जुळणार कसे? तिसरी, टेप बघताच पोट आत ओढणं. मोजणाऱ्याने बोलतं ठेवावं, बोलणाऱ्याला पोट फार वेळ धरता येत नाही.

आपल्याकडच्या लोकांसाठी धोक्याची रेघ पुरुषांना 90 सेंमी, बायकांना 80. इंचात साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. याहून सोपी कसोटी म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. 156 सेंमी उंचीच्या बाईला 78. दोऱ्यानेही होतं: उंचीएवढा दोरा घ्या, दुमडा, कमरेभोवती टोकं भेटली पाहिजेत. लाजणाऱ्या मंडळींना आकडा सांगावाच लागत नाही, हा दोऱ्याचा मोठा फायदा.

व्यायामशाळेतल्या पकडून उभं राहायच्या यंत्रावर "आतली चरबी 11" वगैरे दिसतं, त्यावर माहितीपत्रक बेतू नका. ते यंत्र विजेचा अडथळा मोजतं आणि सूत्राने अंदाज काढतं. पाणी कमी-जास्त प्यालेलं असलं, नुकताच घाम गेला असला, की आकडा बदलतो.

तालमीबाहेर

ताईंनी मोजायचं सांगितलंय, मी जिरवायचं सांगतो. पोटाच्या उठाबशा मारून पोटाची चरबी जात न्हाई. हे एवढं ठळक अक्षरात छापा.

2011 चा एक प्रयोग हाय. सहा आठवडे, आठवड्यातनं पाच दिवस, पोटाचे सात व्यायाम, प्रत्येकी दहाचे दोन फेरे. पोटाच्या स्नायूंचा दम वाढला, चरबी होती तिथंच. त्याच्याही आधी, 1971 साली टेनिस खेळणाऱ्यांचे दोन्ही दंड मोजले होते. खेळणारा दंड जाड, पण कातडीखालची चरबी दोन्हीकडं सारखीच. चरबी रक्तातनं येते आणि सगळ्या अंगातनं येते, शेजारच्या स्नायूनं हाक मारली म्हणून न्हाई.

मग काय करायचं? मोठ्या स्नायूंचं काम. बैठका, जोर, चढ चढणं, सायकल, भरभर चालणं. आठवड्याला 150 मिनिटं दम लागंल पण बोलता येईल असं, वर दोन दिवस ताकदीचं. एक गंमत सांगतो. आतली चरबी व्यायामाला लवकर ऐकते, काटा हलला न्हाई तरी कंबर उतरू शकते. म्हणून रंकाळ्यावर महिनाभर फिरून "वजन तेवढंच हाय" म्हणून सोडणारे चुकतात. त्यांनी टेप घेतलेलीच नसते.

ज्यांची बैठक लई दिवसांत झालेली न्हाई त्यांना थेट बैठका मारायला लावू नका मर्दांनो. पाठ भिंतीला टेकवून अर्धी बैठक, आठचे दोन फेरे, एक दिवसाआड. गुडघा दुखला तर खोली कमी करा, आकडा न्हाई. दोन आठवड्यांनी तिसरा फेरा. जोर जमिनीवर जमत न्हाईत तर ओट्याला हात लावून.

आणि कुस्ती सोडलेल्या पैलवानाचं पोट का सुटतं, हे लोक सारखं विचारतात. त्यात स्वभाव-बिभाव काय न्हाई. लिटरभर म्हशीच्या दुधात साधारण हजार कॅलऱ्या. 100 ग्रॅम बदामात सहाशेच्या आसपास. तालमीत सकाळ-संध्याकाळ घाम जातो तोवर हे पुरत न्हाई. मेहनत थांबते, खुराक मात्र मानाचा म्हणून चालू राहतो. दूध कट्ट्यावर धारोष्ण पिणाऱ्या सगळ्यांनाच हा हिशेब लागू हाय, लंगोट घातलेला असो वा नसो.

योगवर्ग_राजारामपुरी

फार उपयोगी, आभार. दोन पोटप्रश्न. काडीसारख्या हातपायांच्या माणसाचं उत्तर राहिलं. आणि वर्गात वात-पित्त-कफ प्रकृतीवरून आहार ठरवणारे आहेत, कुणी इंटरनेटवरून "एंडोमॉर्फचा आहार" आणतं. पत्रकात याला जागा द्यावी का?

आतली_चरबी

काडीसारखे हातपाय आणि पोट पुढे, ही तर आपली राष्ट्रीय ठेवण म्हणावी लागेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. त्यांनीच पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं सरासरी 2.7 किलो, तिकडची 3.5. स्नायू आणि पोटातले अवयव लहान, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे ही ठेवण स्वभाव घडायच्याही आधी, आईच्या पोटात सुरू होते.

अशा माणसाला "वजन कमी कर" सांगणं चुकीचं. तो जेवण तोडतो, स्नायू आणखी झिजतात, पोट तेवढंच राहतं. त्याला प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम सांगा. प्रथिनांची शिफारस किलोमागे रोज 0.83 ग्रॅम, 60 किलोला साधारण 50 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, 50 ग्रॅम कच्च्या डाळीत अकरा-बारा. आमटीचं नुसतं पाणी भातावर घेतलं तर यातलं फार थोडं ताटात येतं.

"एंडोमॉर्फ"ला जागा देऊ नका. 1940च्या दशकात विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने फोटोंवरून माणसांचे तीन साचे केले आणि प्रत्येकाला स्वभाव चिकटवला, गोल माणूस, म्हणजे एंडोमॉर्फ, निवांत आणि खाण्याचा शौकीन वगैरे. शरीराला गुण देणारा तोच, स्वभावाला गुण देणाराही तोच. पूर्वग्रह आत शिरायला दरवाजा सताड उघडा. हे साचे मानसशास्त्राने कधीच टाकून दिले, व्यायामशाळांच्या भिंतींवर तेवढे उरलेत. प्रकृतीविचार हे वेगळं शास्त्र आहे, त्याची भाषा वेगळी. वैद्य समोर बसून नाडी-प्रकृती बघतो त्यावर माझं काही म्हणणं नाही. मात्र "मी कफाचा, माझं पोट असंच राहणार" म्हणून टेप बाजूला ठेवणाऱ्याला दोरा दाखवा.

मापात_तेल

मंडळी, वर स्वभावाचं सगळं कारण म्हणून आलंय. माझ्या मते त्याचा खरा उपयोग उपाय निवडताना होतो. एकच आहारतक्ता तीस जणांना वाटला की दोन-तीन जणांना लागू पडतो, कारण तो लिहिणाऱ्याच्या स्वभावाला साजेसा असतो, आणि तक्ते लिहिणारी माणसं बहुधा शिस्तशीर असतात!

उतावळ्या माणसाला "मन आवर" सांगून काही होत नाही. त्याचं घर आवरा. फरसाणाचा किलोचा पुडा आणायचाच नाही, लागेल तेव्हा 50 ग्रॅमची पुडी, तीही चालत जाऊन. तेलाचा हिशेब चमच्याने ठेवू नका, महिन्याने ठेवा. माणशी अर्धा लिटर म्हणजे दिवसाला साधारण 15 ग्रॅम पडतं. चौघांच्या घरात दोन लिटर पहिल्या तारखेला वेगळे काढून ठेवायचे. वीस तारखेला संपले तर कुठे सांडलं ते घरातल्या सगळ्यांना दिसतं, कुणी कुणाला बोलायची गरज पडत नाही.

काळजीखोरांचं खाणं जेवणात वाढत नाही, चार ते सात या वेळेत वाढतं. सात दिवस फक्त वेळ आणि खाल्लेली वस्तू लिहून काढायला सांगा, कॅलऱ्या नकोत. ती वेळ सापडली की तिच्या अर्धा तास आधी पोटभरीचं काहीतरी: वाटीभर उकडलेले हरभरे, नाहीतर मूठभर शेंगदाणे आणि ताक. अशा लोकांना रोज काट्यावर उभं करू नका. सकाळचा अर्धा किलोचा चढउतार पाण्याचा असतो, आणि तो बघून त्यांची संध्याकाळ बिघडते. चार आठवड्यांतून एकदा टेप, बस.

शिस्तशीर मंडळींची पडझड वेगळ्या जागी होते. एकवीस दिवस तक्ता पाळतात, बाविसाव्या दिवशी लग्नात जेवतात आणि "मोडलंच आहे तर मोडू दे" म्हणून आठवडा सोडतात. त्यांच्या तक्त्यात महिन्याची चार मोकळी जेवणं आधीच लिहून द्या. लिहिलेलं असलं की ते नियमात बसतं, आणि नियमात बसलेलं त्यांना चालतं.

आणि कोल्हापुरात खरा कठीण स्वभाव कुठला म्हणाल तर भिडस्त. "आणखी एक वाटी रस्सा घ्याच" याला नाही म्हणता न येणारा. त्याने वाटी रिकामी करायचीच नाही, अर्धी भरलेली ठेवून सावकाश घोट घ्यायचा. भरल्या वाटीवर कुणी वाढत नाही. पांढरा रस्सा तिखट नाही म्हणून हलका, हा समज पत्रकात खोडा. त्यात खोबऱ्याचं दूध, काजू, खसखस असते. तांबड्यावरचा तवंग निदान दिसतो आणि बाजूला सारता येतो. मिसळीचंही तेच. वरची तर्री दोन मोठे चमचे घेतली तर नुसत्या तेलाच्याच सुमारे 240 कॅलऱ्या, शेव-फरसाण आणि पाव वेगळे. कट वेगळा मागवा, तवंग सोडून खालचा घ्या, पावाऐवजी मटकी जास्त मागा. मिसळ सोडायला कुणी सांगू नये, आणि सांगितलं तरी ऐकणार कोण.

चहाचा हिशेब कायम राहून जातो. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे 50 ग्रॅम, 200 कॅलऱ्या. "आम्ही गुळाचा घेतो" ही पळवाट आपल्या भागात फार. गुळात कॅलऱ्या जवळपास साखरेइतक्याच, चार-पाच टक्के इकडेतिकडे. दारूचं झाकून ठेवू नका: एक क्वार्टर म्हणजे चखण्याशिवाय सुमारे 425, आणि ती जळेपर्यंत शरीर चरबी जाळायचं थांबवतं.

पाळीवाल्यांबद्दल. 2022 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात बारा निरोगी माणसांना दोन आठवडे रात्री चारच तास झोपू दिलं. ती रोज सुमारे 300 कॅलऱ्या जास्त खाऊ लागली. वजन अर्धा किलोच्या आसपास वाढलं, म्हणजे काट्यावर जेमतेम दिसावं इतकं, पण पोटाच्या आतली चरबी 11 टक्क्यांनी वाढली. पुढे झोप पूर्ववत दिली तरी ती लगेच उतरली नाही. म्हणजे शनिवार-रविवारी झोपून भरपाई होते हा हिशेब चरबीला मान्य नाही.

रात्री 11 ते सकाळी 7 ची पाळी असेल तर मुख्य जेवण कामावर जाण्याआधी, नऊच्या सुमारास. डब्यात मध्यरात्रीसाठी भाकरी, उसळ, काकडी एवढंच. दोननंतर पाणी, फार तर ताक. चहा शेवटचा दोन वाजता, कारण सकाळी आठ-नऊला झोपायचं आहे आणि कॅफिन पाच-सहा तास तरी अंगात रेंगाळतं. सुटल्यावर गेटबाहेरच्या गाडीवर वडा-पाव न खाता घरी हलका नाश्ता, मग जाड पडदा लावून अंधार, फोन दुसऱ्या खोलीत. घरच्यांना सांगा की सकाळी नऊ ते तीन ही या माणसाची रात्र आहे, बेल वाजवू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं.

कडू_कारलं

एवढं सगळं कशाला? रक्तातलं कॉर्टिसोल तपासा, जास्त असेल तर कमी करणाऱ्या गोळ्या मिळतात, मेडिकलमध्ये पावडरीपण आहेत.

आतली_चरबी

थांबा. कॉर्टिसोल सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्री सर्वांत कमी असतं. दिवसा कधीतरी हात पुढे करून काढलेल्या एका आकड्याला अर्थ नाही. कुशिंग आजाराचा, म्हणजे कॉर्टिसोल फार वाढण्याच्या आजाराचा, संशय असेल तर डॉक्टर मध्यरात्रीच्या लाळेची, चोवीस तासांच्या लघवीची किंवा रात्री एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देऊन सकाळच्या रक्ताची तपासणी करतात. "ताण आहे" म्हणून ती करत नाहीत.

पावडरींबद्दल मात्र पत्रकात जरूर लिहा, उलट कारणासाठी. सांधेदुखी, दमा किंवा "अंग भरण्यासाठी" म्हणून मिळणाऱ्या विनालेबल पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं निघतं. दोन-तीन महिन्यांत चेहरा गोल, मानेमागे उंचवटा, पोट मोठं, हातपाय बारीक. पोटावर बोटभर रुंद जांभळट चिरा, जरा लागलं की निळे डाग, आणि उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता न येणं. हे दिसलं तर योगवर्गात उपाय नाही. आणि पुडी एकदम बंदही करायची नाही. बाहेरून मिळतंय म्हणून शरीराने आपलं कॉर्टिसोल बनवणं थांबवलेलं असतं, अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरकडे पुडीसकट पाठवा.

आणखी दोन गोष्टी. मान-काखेत काळी, मखमलीसारखी जाड झालेली कातडी म्हणजे मळ नाही, घासून जाणार नाही. इन्शुलिन वाढल्याची ती खूण असते. अनियमित पाळी आणि हनुवटीवर केस असलेल्या मुलीत हे दिसलं तर पीसीओएसची, म्हणजे बीजांडांच्या संप्रेरक-विकाराची, तपासणी. दुसरं, कमरेखाली दोन्ही पाय सारखे जाड, दाबलं की दुखणारे, चटकन निळे पडणारे, आणि पावलं मात्र बारीक: हा लिपेडिमा, म्हणजे पायांत चरबी साचण्याचा आजार, असू शकतो. तिथे बाई कितीही उपाशी राहिली तरी पाय उतरत नाहीत, आणि तिला आळशी म्हणणारे घरातच असतात.

ज्याची कंबर रेघेच्या वर आहे त्याने उपाशीपोटी साखर, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि रक्तदाब एवढं वर्षातून एकदा करावं. उपाशी साखर 100, ट्रायग्लिसराईड 150, रक्तदाब 130/85, यातलं काहीही गाठलं असेल, किंवा चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषात 40 आणि बाईत 50 च्या खाली असेल, तर कागद घेऊन डॉक्टरकडे.

योगवर्ग_राजारामपुरी

पत्रक दोन पानांत मावत नाही आता, चार होतील. शेवटचं: पोट फार लोंबत असेल तर बरगडी आणि हाडामधली खूण सापडते, पण टेप वळीत अडकते. मग?

टेप_आणि_पेन्सिल

खूण अंगाच्या बाजूला असते, तिथे वळी कमी. दोन्ही बाजूंच्या खुणा धरून टेप पुढून वळीच्या वरूनच न्यायची, खाली दाबायची नाही, वळी उचलायचीही नाही. उचलून मोजलं तर दर वेळी वेगळं उचललं जातं. आडवं झोपवून मोजू नका, पोट बाजूला पसरतं. आणि त्या माणसाच्या कागदावर "वळीवरून" असं शेजारी लिहून ठेवा, म्हणजे चार आठवड्यांनी दुसरं कुणी मोजणार असेल तर तेही तसंच मोजेल. वजनात एक किलो उतरलं की कंबर साधारण एक सेंमी उतरते. त्यामुळे पहिल्या महिन्यात दोन सेंमी दिसले तर ते पुष्कळ, आणि अर्धा सेंमी दिसला तर तो मोजणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो.